एकाच क्षणी मागितलेले दोन एक्स-रे

समजा, तुम्हाला वेबवरचं एक पान बनवायचं आहे, जावा भाषेत. डॉक्टरांनी रुग्णाचा नंबर दाबला की त्या रुग्णाचा एक्स-रे पानावर उमटला पाहिजे. फोटो पानात आधीपासून चिकटवलेला नसतो. ज्याचा नंबर येईल त्याचा फोटो त्याच क्षणी साठ्यातून काढून द्यायचा. वीस-पंचवीस ओळींचं काम. आलेला नंबर तुम्ही एका जागी ठेवता, त्या नंबरचा फोटो शोधता, पाठवून देता. करून बघता, बरोबर येतो. पुन्हा बघता, पुन्हा बरोबर. तुम्ही चहा प्यायला उठता.

तीही अशीच उठली होती.

आमच्या ऑफिसात तिला शंकासूर म्हणतात. दाराला कुलूप लावलं तरी जिन्यावरून परत येऊन ते ओढून बघणारी. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तरुणपणी शिडीवरून पडून त्यांचं एका बाजूचं कॉलरबोन, म्हणजे मानेखालचं आडवं हाड, मोडलं आणि वाकडंच जुळलं. आता ते तिचा डबा भरतात आणि ती निघाली की म्हणतात, "कुलूप मी आतून बघतो, तू जा."

बाबांचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा तिनं त्यांना एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. तिचं पान तिथंच चालतं. बाकावर बसल्या बसल्या बाबांनी शेजारच्यांना सांगून टाकलं की आतला तो कॉम्प्युटर आमच्या कन्येच्या सांगण्यावर चालतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत डॉक्टरीणबाईंनी नंबर दाबला. वर बाबांचं नाव आलं, खाली छातीचा फोटो. फुप्फुसात लिंबाएवढा पांढरा डाग होता. बाईंनी आवाज उतरवून विचारलं, विडी-सिगारेट किती वर्षं ओढताय? बाबांनी पडद्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि शर्टाचं आधीच लावलेलं बटण पुन्हा लावायला लागले.

तिच्या कानांत नुसता पंख्याचा आवाज. डागाकडे बघवेना, म्हणून ती फोटोच्या कडेकडेनं नजर फिरवत राहिली. मानेखालची दोन्ही हाडं तिला दिसली. दोन्ही सरळ होती.

तिचा जीव भांड्यात पडला, पण एका श्वासापुरताच.

"डॉक्टर, हा फोटो बाबांचा नाही."

"वर नाव तुमच्या वडिलांचंच आहे."

"नाव बरोबर आहे. फोटो दुसऱ्याचा आहे. हे पान मीच लिहिलंय."

बाईंना त्याचं विशेष वाटलं नाही. "अहो, अडकतं ते कधी कधी. शंका आली की आम्ही परत दाबतो." त्यांनी परत दाबलं. या वेळी हाड वाकडं आलं आणि फुप्फुसं स्वच्छ. साधा खोकला होता, गोळ्यांनी बरा होईल म्हणाल्या. बाबांच्या तोंडावर रंग परत आला. "शिडीवरून पडलो ते अगदीच वाया नाही गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

ती हसली नाही. आपण कुठे माती खाल्ली, ते तिला आत्ता कळलं होतं. सर्व्हरवर, म्हणजे पान चालवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरवर, त्या कोडची एकच प्रत असते आणि सगळ्या खोल्यांतल्या मागण्या तिच्यातूनच जातात. प्रत्येक मागणीचा नंबर वेगळा जपायला हवा होता. तिनं तो सगळ्यांना सामाईक अशा एका जागी ठेवला होता. बाबांचा नंबर तिथं गेला, आणि त्यांचा फोटो शोधण्याआधीच दुसऱ्या खोलीतला नंबर येऊन त्याच्यावर बसला. एकटीनं तपासताना ही चूक जन्मात दिसली नसती. तिनं कायम एकटीनंच तपासलं होतं.

म्हणजे तो डाग इथेच कुणाच्या तरी छातीत होता. त्या माणसाला काय दाखवलं? बाबांची स्वच्छ छाती? तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन निघूनही गेला असेल का?

बाबांना तिथंच सोडून ती बाहेर धावली. शेजारची खोली रिकामी. पलीकडचं दार तिनं न विचारता ढकललं. पडद्यावर तोच डाग होता. समोर चाळिशीतला एक माणूस मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला, शेजारी त्याची बायको, आणि डॉक्टर बोटानं डाग दाखवत होते. तिघांनीही मागे वळून बघितलं. तिनं धापा टाकत विचारलं, फोटो यांचाच आहे ना, परत एकदा दाबून बघता का? डॉक्टर वैतागले, पण त्यांनी दाबलं. तोच फोटो आला.

बायको उठून उभी राहिली. "ताई, दुसरा येऊ शकतो का?"

"नाही," ती म्हणाली. "हा यांचाच आहे."

कॉरिडॉरमध्ये येऊन तिनं भिंतीला पाठ टेकली. या माणसाचा नंबर बाबांच्या नंतर आला होता, म्हणून त्याला खरं तेच दिसलं होतं. तोच नंबर बाबांच्या निमिषभर आधी आला असता, तर तो गोळ्या घेऊन बायकोला मागे बसवून घरी गेला असता.

तिनं ऑफिसला फोन करून पान बंद करायला लावलं. दुरुस्ती एका ओळीची निघाली. आमचे साहेब म्हणाले, चूक सापडली, सुधारली, आता झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जाईल या भीतीनं तिला धड जेवणही जाईना. तरीही दुसऱ्या दिवशी तिनं हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांसमोर मूठ उघडली. त्यांनी लगेच जुन्या रुग्णांची यादी मागवली. आता तिथले दोन डॉक्टर दुपारच्या वेळात जुने एक्स-रे पुन्हा बघत असतात. ज्याच्याविषयी शंका येईल त्याला फोन करतात. काही फोन लागतच नाहीत.

कुठल्या खोलीतून कुठला नंबर मागितला, हे सर्व्हरनं नोंदवून ठेवलंय. पडद्यावर कुणाचा फोटो उमटला, हे मात्र त्याला ठाऊक नाही. काल डबा खाता खाता मधेच हात थांबवून तिनं मला विचारलं. डाग दिसला की डॉक्टर खात्री करायला परत दाबतात. पण स्वच्छ छाती दिसल्यावर परत कोण दाबतं?