बदली, सोयरीक आणि आमची फुटबॉल टीम

किस्से जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. चार संशयी माणसं एका बाकावर बसवावीत आणि पाचव्यानं फुटबॉलचा विषय काढावा, बस्स! मालेगावात (यंत्रमागांचं मोठं शहर नव्हे, आमचं छोटं) बसस्टँडसमोर माझं फ्लेक्स आणि टी-शर्ट छपाईचं दुकान आहे. बाहेर एक बाक आहे. तो मी गिऱ्हाइकांसाठी टाकला होता. आता गिऱ्हाईक उभं असतं आणि बाकावर आमच्या क्लबचे फॅन बसलेले असतात.

आधी नियम सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. सोयाबीन निघालं, तूर निघाली, शेतं मोकळी झाली की जानेवारीत शेजारच्या केनवड गावी स्पर्धा असते. भाड्याचे खेळाडू चालत नाहीत. खेळाडू गावचा पाहिजे, नाहीतर नोकरीपायी गावात राहणारा पाहिजे, नाहीतर लग्न झालेला गावचा जावई पाहिजे. आणि एकदा एका टीमच्या फॉर्मवर सही केली की त्या वर्षी दुसरीकडून खेळता येत नाही. त्यामुळे मोठमोठे क्लब खेळाडूंच्या खरेदीवर नजर ठेवतात तशी आम्ही सरकारी बदल्यांवर आणि लग्नाच्या स्थळांवर ठेवतो!

बाकावरची माणसं तीन. नामदेवभाऊ, एसटीतले रिटायर कंडक्टर. आयुष्यभर प्रत्येक प्रवाशाकडे 'यानं तिकीट काढलं नसणार' अशा नजरेनं पाहिलं, ती नजर रिटायर झालीच नाही. शकीलभाई, आमचे कोच, बाकी वेळ मोटरसायकलचं गॅरेज. आणि गजूभाऊ, आमचे गोलकीपर. वय चव्वेचाळीस.

गजूभाऊंचं दुःख एवढंच, की एकोणीस वर्षं गोलात उभे राहूनही कप हातात आला नाही. मागच्या तीन फायनल तर ओळीनं केनवडकडून हरलो. गजूभाऊंना कप हवा होता, पण तो गोलात स्वतः उभं राहून हवा होता. आणि गावात कोणी नवा खेळाडू येतोय म्हटलं की त्यांना एकच शंका यायची: हा माझ्या जागेवर येतोय!

*

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक लाइनमन बदलून आला. फॉरवर्ड होता, आणि काय खेळायचा! नामदेवभाऊ पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "एवढा चांगला मानूस आपल्याकडं आला कसा? काहीतरी भानगड हाय."

सेमीफायनल. हाफटाइमला त्या लाइनमनचा फोन वाजला. 'लाइनचं काम निघालं' म्हणाला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला! आम्ही एक गोल खाल्ला, कसेबसे पेनल्टीवर जिंकलो. नामदेवभाऊ संतापले. "मी म्हनत नव्हतो? फितूर हाय! लाइन गेली म्हनून बहाना केला त्यानं. थांबा, आताच पाह्यतो!"

त्यांनी सगळ्यांसमोर घरी फोन लावला. स्पीकरवर.

"घरी लाइट हाय का?"

"हाय नं," काकू म्हणाल्या.

"पाहा! लाइट हाय! मंग हा गेला कायले?"

पलीकडून काकूंचा आवाज आला, "कोन, लाइनमन? तो आपल्याच घरी हाय. तुमीच सकाळी दहादा फोन केला न त्याले, मीटरमधून धूर निघून राह्यला म्हनून!"

*

लाइनमनची पुढच्याच वर्षी बदली झाली. मग शेजारच्या किन्हीराजा गावच्या एका पोराचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आला. आमच्या गावात नुकताच किराणा दुकानात कामाला लागला होता, म्हणजे नियमात बसत होता. व्हिडिओत सहा गोल. मागे दणदणीत म्युझिक. गजूभाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "गोलकीपर तं नाही न?" नाही म्हटल्यावर त्यांना पोरगा एकदम आवडला.

शकीलभाई मात्र मोबाइल डोळ्यांजवळ धरून परत परत पाहत होते. चहा गार झाला.

"भाऊ, ये देखो. सहाही गोलांत मागं एक म्हैस हाय. त्याच जागी. तोंड त्याच बाजूनं."

आम्ही पाहिलं. खरंच! पोरानं एकच गोल केला होता आणि सहा मित्रांनी शेजारी शेजारी उभं राहून सहा मोबाइलवर शूटिंग केलं होतं.

सगळ्यांचे चेहरे पडले. नामदेवभाऊ तेवढे खूश. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाला संशय आला होता आणि तो खराही निघाला होता. ते म्हणाले, "पोराचं राहू द्या. सहा गोल झाले तरी जागा सोडली नाही तिनं. म्हशीलेच घ्या डिफेन्सले!"

*

एकदा माझ्या दुकानात बियाणं कंपनीचा एक माणूस बॅनर करायला आला. उंची सहा फुटांच्या वर. बाकावरून गजूभाऊ उठलेच.

"कुठले तुमी?"

"अमरावतीचा. आता इथंच खोली घेतली, वर्षभर आहे."

गजूभाऊंचा चेहरा उतरला. उंच माणूस, वर्षभर मुक्काम, आणि तळहात पाहिले तर सुपाएवढे! त्यांनी मला खूण केली, मग स्वतःच फ्लेक्सची छोटी गुंडाळी उचलली आणि "धरा!" म्हणून त्या माणसाकडे फेकली.

त्यानं हात वर करेपर्यंत गुंडाळी कपाळावर लागून खाली पडली. ती उचलायला वाकला तेव्हा चष्माही पडला.

गजूभाऊंनी धावत जाऊन चष्मा उचलला, आपल्या शर्टाला पुसला आणि मला ओरडून सांगितलं, "सुनील, साहेबाले बसाले खुर्ची दे! चहा सांग! लय सज्जन मानूस हाय बाप्पा!"

*

तिसरी फायनल हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकावर क्लबच्या भविष्याची बैठक झाली. शकीलभाईंनी वहीत पाच वर्षांचा प्लॅन आणला होता. शाळेतली पोरं आत्तापासून तयार करायची, पाच वर्षांनी टीम आपली आपण तयार.

"पाच वर्षांनी हे पोट्टे कुठं असतीन?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"कुठं म्हंजे?"

"पुन्याले! बारावी झाली की बॅग उचलतेत. तू बॉल शिकवशीन अन् ते तिकडं कंपनीत पॅकिंग करतीन."

शकीलभाईंनी पेनाला टोपण लावलं. मलाही वाईट वाटलं, कारण खोटं काहीच नव्हतं. माझा स्वतःचा भाऊ आमचा लेफ्ट विंगर होता. आता तो चाकणला असतो आणि मॅचच्या दिवशी स्कोअर विचारायला फोन करतो.

शकीलभाईंनी वही मिटली. "मंग टीम कशी वाढवाची?"

नामदेवभाऊ म्हणाले, "गावात पोरी किती हायेत लग्नाच्या, ते मोजा!"

*

हे बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं. पण वर्ष संपायच्या आत गजूभाऊंच्याच मुलीला, वैशालीला स्थळ आलं. वैशाली कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पोरगा केनवडचा, शेतीच्या औषधांचं दुकान, घरचं चांगलं. नाव अक्षय. आणि हा अक्षय म्हणजे केनवडचा गोलकीपर! ज्यानं तीन फायनलमध्ये आम्हाला रडवलं तोच!

बाकावर हाहाकार. नामदेवभाऊंनी आवाज खाली आणून मला विचारलं, "हे पोरगी तीन वर्षं मॅच पाहाले येते. बाप इकडल्या गोलात. मंग हे केनवडच्या गोलामागं काहून बसे?"

शकीलभाई उठून गॅरेजला निघून गेले. पण संध्याकाळी हळूच येऊन मला सांगून गेले, "एक नंबरची जर्सी मोठ्या साइजमध्ये काढून ठेव."

पोरगी पाहायच्या कार्यक्रमाला मी होतो. पोह्यांच्या प्लेटा आल्या. गजूभाऊंनी शेती विचारली नाही, दुकान विचारलं नाही. पोराकडे रोखून पाहत म्हणाले, "पेनल्टीले कोन्या बाजूनं उडी घेतं, हे कसं ठरवतं तू?"

"समोरच्याचा टेकलेला पाय पाहतो," अक्षय म्हणाला.

गजूभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. "मी पन तेच पाहतो," ते हळू आवाजात बोलले. मग एकदम, "खरं सांग, तुले शकीलनं पाठवलं का?"

अक्षयच्या मामांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "पोरगी पाहाले आलो आमी, ट्रायल द्याले नाही! अन् आमालेही शंका येऊन राह्यली. तुमाले जावई पाहिजे का आमचा गोलकीपर पाहिजे, ते सरळ सांगा!"

तेवढ्यात वैशाली चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "बाबा, मले पसंत हाय. तुमच्या गोलाचं तुमी पाहा."

त्यानंतर आठ दिवस गजूभाऊ बाकावर फिरकले नाहीत. मला त्यांची फार कीव आली. नाही म्हणावं तर पोरगी दुखावणार. हो म्हणावं तर पंचवीस वर्षांचा, पाच फूट अकरा इंचांचा गोलकीपर स्वतःच्या हातानं घरात आणायचा! शेवटी त्यांनी होकार कळवला. बाप माणूस, दुसरं काय करणार?

लग्न डिसेंबरात लागलं. अक्षता पडल्या, हार झाले आणि शकीलभाई स्टेजवर चढले. आम्हाला वाटलं आहेर देतायत. त्यांनी स्पर्धेचा फॉर्म काढला! पेनही सोबत. केनवडचे पाहुणे जिलबी तोंडाशी धरून तसेच बसले. अक्षयनं आधी वैशालीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे.

"कर सही," गजूभाऊ म्हणाले. "आता आपल्या गावचा जावई हाय तू."

अक्षयनं सही केली. मांडवात आमच्या लोकांनी असा जल्लोष केला की नवरीकडचे कोण आणि नवऱ्याकडचे कोण हे फोटोग्राफरला वेगळं विचारावं लागलं नाही. फक्त नामदेवभाऊ माझ्या कानाशी लागले, "गजू एवढ्या सहज मानला? काहीतरी हाय याच्या मनात."

चार दिवसांनी गजूभाऊ जर्स्यांची यादी घेऊन दुकानात आले. बाकावर सगळे हजर होते. मी एक एक नाव वाचत गेलो, शकीलभाई मान डोलवत गेले. शेवटी एक नंबर राहिला. मी मोठ्या साइजची जर्सी मशीनवर पसरली. गजूभाऊंकडे बघवत नव्हतं.

"नाव काय टाकू?" मी विचारलं.

"मोठी कायले घेतली? माह्या मापाची घे. गजानन टाक."

शकीलभाई उठून उभे राहिले. "गजूभाऊ! अन् जावई? फॉर्मवर सही केली त्यानं! आता केनवडकडूनही खेळता येत नाही त्याले!"

"माहीत हाय मले," गजूभाऊ म्हणाले. "पन पहिल्या वर्षी जावयाले कोनी काम सांगते काय? सावलीत खुर्ची टाकू, दुपट्टा-टोपी देऊ, आरामात बसन!"