थोरलीचा आवाज

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानसेन. पत्रा दाबणाऱ्या अजस्र प्रेसांच्या विभागात त्यांनी देखभालीचे फिटर म्हणून चौतीस वर्षं काढली. यंत्र कुरकुरलं की कानसेन वीतभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक यंत्राला टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग वैद्याने नाडी सोडावी तसा स्क्रू-ड्रायव्हर खाली घेऊन सांगायचे, "मागचं बेअरिंग. आठवडा काढेल." आठवड्याने बेअरिंग जायचं. एकदा ते पाचव्याच दिवशी गेलं, तेव्हा कानसेनांनी दोष बेअरिंगला दिला.

कंपनीने सगळ्यांना कानात घालायची रबरी बुचं वाटली होती. कानसेनांनी ती घालायला साफ नकार दिला. "कान बंद केले तर यंत्र बोलणार कुणाशी?" असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांना उत्तर सुचलं नाही. उत्तर यायला बरीच वर्षं लागणार होती.

नोकरी मात्र कानसेनांच्या लेखी दोन रविवारांच्या मधल्या वेळेत करायची गोष्ट होती. खरं आयुष्य मोटरसायकलींवर. त्यांच्याकडे तीन होत्या: थोरली, मधली आणि धाकटी. धाकटी रोजच्या कामाला, बाजाराला. मधली पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असायची. पाहुणा आला की आधी तिच्याशी ओळख, मग चहा. आणि थोरली अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, ताडपत्री पांघरून. लग्नाआधी दोन महिने ती घरात आली होती, त्यामुळे मान तिचा पहिला.

कानसेनबाई पोस्टात काउंटरवर होत्या. काउंटरपलीकडच्या माणसांशी तीस वर्षं बोलून त्यांची जीभ चांगलीच धारदार झाली होती. "लोकांना एक सवत खपत नाही," त्या म्हणायच्या, "मला तीन आहेत, आणि तिघींचं सांडलेलं तेल मीच पुसते."

कानसेनांना हे कौतुक वाटायचं.

तर थोरलीला एक खोड होती. चालू केली की इंजिनाच्या धपधपीवर एक बारीक आवाज यायचा. टक-टक-टक-टक. कुणी नखाने ताटली वाजवत बसावं तसा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कानसेन बायकोला म्हणाले होते, "तुला थोरलीवरून दीपगृहाला नेणार. समुद्राकाठी. दोनशे चाळीस किलोमीटर, नुसती लोण्यासारखी सडक. फक्त हा एवढा आवाज जाऊ दे."

आवाज जाईना. कानसेनांनी इंजिन उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं. झडपा ढकलणारे टॅपेट नेमके किती ढिले आहेत ते पाहायला पातळ पात्यांची मापाची जुडी आणली. ती बाईंच्या शिवणाच्या डब्यात राहायला गेली आणि सुया बाहेर आल्या. एकदा तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर अख्खं इंजिन तीन दिवस पसरलेलं होतं. बाईंनी त्या तीन दिवसांत शेजारणीच्या शेगडीवर भात लावला. एवढं करून थोरली चालू केली, की टक-टक-टक.

गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेले वस्ताद कानसेनांचे लंगोटीयार. ते एकदा सहज म्हणाले, "अरे, इंजिन ठणठणीत आहे. बाहेरचंच काहीतरी खुळखुळतंय." "माझ्या कानाला शिकवतोस?" एवढं बोलून कानसेनांनी त्यांच्याशी चार वर्षं अबोला धरला.

मधल्या काळात थोरलीवर दुसरं कुणी बसायचं नाही, असा नियम होता. आजारी माणसावर ओझं घालतं का कुणी? दर रविवारी कानसेन एकटेच तिला 'ट्रायल'ला न्यायचे. ट्रायल कधी पन्नास किलोमीटरची, कधी पाचशेची. दीपगृहापर्यंतच सात ट्रायली झाल्या. येताना ते बायकोसाठी शंख आणायचे. "काय वारा, काय समुद्र! आणि ती पांढरी पाखरं, ओरडून ओरडून नुसते कान किटवतात," असं वर्णन करायचे. बाईंकडे शंखांची एक बरणी भरली.

पोस्टाची सहलही एकदा तिथेच गेली. बाई गेल्या नाहीत. त्या गावाच्या पाकिटांवर शिक्के मारता मारता त्यांना तिथला पिनकोड स्वतःच्या वाढदिवसासारखा पाठ झाला होता, पण बसने जायला त्या तयार नव्हत्या. "मी बसने गेले की हे सुटले," त्या मैत्रिणीला म्हणाल्या. "मी सोडणार नाही."

कानसेन निवृत्त झाले. त्यानंतर दोनेक वर्षांत घरातल्या वस्तू एकेक करून बिघडू लागल्या. आधी दारावरची घंटा. कानसेनांनी तिचं बटण बदललं, तारा बदलल्या, आणि "हल्लीचा मालच बोगस" म्हणून सोडून दिली. मग कुकरची शिट्टी. मग फोन. बायको तर पुटपुटायलाच लागली. "तोंड उघडून बोलत जा जरा," ते म्हणायचे. शेजारपाजारचे लोक मात्र घंटा वाजवून आत येत होते, आणि कुकर शिट्ट्या मारत होता.

कारखान्यात नव्या फिटरांना कानसेन एक धडा हमखास द्यायचे: तीन यंत्रांत एकच दोष दिसला, तर यंत्रं सोडा आणि आपलं माप तपासा. घरात हा धडा त्यांना आठवला नाही. धडा दुसऱ्यांसाठी होता.

आणि मग एका रविवारी सकाळी अंगणातून आरोळी आली, "अगं, गेला!"

बाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावल्या. कोण गेला, कुठे गेला? कानसेन थोरलीशेजारी उकिडवे बसले होते, स्क्रू-ड्रायव्हर कानाशी, डोळ्यांत पाणी.

"आवाज गेला! ऐक! ऐक नीट!"

बाईंनी ऐकलं. टक-टक-टक-टक. भिंतीवरची मांजर नेहमीसारखी वैतागून उठून गेली. बाईंनी आधी मांजरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि घंटा, शिट्टी, फोन, पुटपुटणं, सगळ्याचा हिशेब एका क्षणात जुळला.

आता खरं सांगून टाकायचं, एवढंच उरलं होतं. ओठावर शब्द आलेही होते. तेवढ्यात कानसेन उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग? येत्या रविवारी निघायचं दीपगृहाला?"

एकतीस वर्षं. बाईंनी पिठाचा हात पदराला पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "गेला खरा."

पुढचे दोन दिवस बाई याच विचारात होत्या. बहिऱ्या माणसाच्या मागे बसून घाट उतरायचा म्हणजे जिवाशी खेळ. आणि खरं सांगितलं तर दीपगृह गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे कानसेनांचा कान गेला. ज्या माणसाकडे आयुष्यभर सांगण्यासारखी एकच वस्तू होती, त्याला ती हरवल्याचं कसं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी कानसेन वस्तादांना विजय दाखवायला घेऊन आले. वस्तादांनी किक मारली, क्षणभर ऐकलं आणि बाईंकडे वळले.

"वहिनी, आवाज आहे तसाच आहे."

"हळू बोला."

"हळू कशाला? याला ऐकू येत असतं तर याने मला इथे आणलं असतं का?"

"काय म्हणतोय हा?" कानसेनांनी छाती पुढे काढून विचारलं.

"जिंकलात म्हणतायत!" बाई मोठ्याने म्हणाल्या. कानसेन खूश होऊन फडकं आणायला आत गेले.

"वहिनी, मागून ट्रक हॉर्न मारत आला तर याला काय आकाशवाणी होणार आहे?"

"मागे मी असणार ना. बघायचं त्यांनी, ऐकायचं मी. मागून गाडी आली की उजव्या खांद्यावर थाप मारीन. म्हणजे डावीकडे घ्या."

"म्हणजे बैलासारखं हाकणार."

"एकतीस वर्षं हाकतेच आहे. आता खांद्यावरून हाकेन. आणि आल्या आल्या डॉक्टरकडे नेणार, कान धरून."

वस्तादांनी डोकं खाजवलं. "ब्रेक मी बघून देतो," ते म्हणाले. त्यांचा होकार नेहमी असाच यायचा.

थापेचं कारण बाईंनी नवऱ्याला वेगळंच सांगितलं: मला भीती वाटते, गाडी आली की मी थोपटीन, तुम्ही बाजूला घ्यायचं. "भित्री कुठली," कानसेन लाडाने म्हणाले.

रविवारी उजाडता उजाडता ते निघाले. कानसेनांनी थोरलीचे मागचे फुटरेस्ट खाली पाडले. एकतीस वर्षं ते चौकटीला टेकून वर दुमडलेले होते. उजवा करकर करत उघडला, डावा बोट लागताच खाली पडला. बाई बसल्या, त्यावर पाय ठेवले, गाडी गल्लीबाहेर पडली आणि बाईंनी कान टवकारले.

टकटक ऐकू येत नव्हती.

नुसती धपधप. 'झालं,' बाईंना वाटलं, 'माझेही गेले.' दोन बहिरी माणसं एका मोटरसायकलवर! तेवढ्यात मागून बसचा हॉर्न आला, तो स्वच्छ ऐकू आला. बाईंनी थाप मारली, कानसेनांनी डावीकडे घेतलं, बस गेली. कान शाबूत होते. मग आवाज कुठे गेला?

वाटेत चहाला थांबले. इंजिन अजून चालूच होतं. बाई उतरल्या आणि लगेच, टक-टक-टक-टक. पुन्हा बसल्या. बंद. बाईंनी डावा पाय हळूच उचलला. टक-टक. पाय ठेवला. बंद. पाय पुन्हा उचलून त्यांनी वाकून पाहिलं. डावा फुटरेस्ट आपल्या खिळीत ढिला लोंबत होता आणि गाडीच्या चौकटीवर नखासारखा आपटत होता.

त्या चहाच्या बाकावर बसल्या आणि इतक्या हसल्या की चहावाल्याने पाण्याचा पेला आणून दिला. "काय झालं?" कानसेन विचारत राहिले. "काही नाही, चला," बाई म्हणाल्या.

घाटात ट्रक होते. बाईंनी बावीस थापा मारल्या, त्यातल्या दोन जरा जास्तच जोरात. त्या दोन एकतीस वर्षांच्या होत्या.

दुपारी दीपगृह आलं. पांढरं, बुटकं, बाईंनी मनात बांधलं होतं त्याच्या निम्मं. पण समुद्र पुरेपूर होता. कानसेनांनी गाडी चालूच ठेवली. तिची धपधप जगाला ऐकवायची होती. बाई उतरून कठड्यापाशी गेल्या.

कानसेन त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिले. वर पांढरी पाखरं घिरट्या घालत होती. कानसेन बराच वेळ मान वर करून पाहत होते. पाखरं चोची उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती.

"ही पाखरं नुसता आ का वासतायत?" ते म्हणाले.  बाईंनी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते. घंटा. शिट्टी. फोन. पाखरं.

"ओरडतायत का गं ती?"

बाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण या प्रश्नाला नाही. "ओरडतायत," त्या म्हणाल्या. "कान किटतायत."

"आणि थोरली?"

"आता या घडीला टकटक करतेय."

कानसेन कठड्यावर बसले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी बाहेर काढला, पाहिला आणि मांडीवर आडवा ठेवला. "तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"होतं."

"तरी मागे बसलीस? माझ्या?"

"दुसऱ्या कुणाच्या बसू? एकतीस वर्षं दुसऱ्या कुणी विचारलं नाही."

कानसेन हसले नाहीत. बाई त्यांच्याजवळ आल्या आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "पण रस्ताभर आवाज नव्हता. खरंच गेला होता."

"आता पुरे. एकदा खोटं बोललीस ते ठीक आहे."

हीच तर पंचाईत होती. खोटं त्यांनी डोळे मिटून गिळलं होतं आणि खरं घशाखाली उतरत नव्हतं. बाईंनी त्यांचा हात धरून उठवलं, थोरलीपाशी नेलं आणि त्यांचं बोट डाव्या फुटरेस्टवर टेकवलं. "कान राहू द्या. हात लावून बघा."

कानसेनांनी सवयीने डोळे मिटले. बोटाखाली तो होता. टक-टक-टक-टक, ओट्यावर, छपराखाली, सात ट्रायलींत त्यांनी ऐकलेला तोच. मग बाई मागच्या सीटवर बसल्या आणि फुटरेस्टवर पाय ठेवला. बोटाखालची टकटक थांबली.

कानसेनांनी डोळे उघडले नाहीत. "म्हणजे तू बसली असतीस तर," ते सावकाश म्हणाले, "पहिल्याच दिवशी..."

"पहिल्याच आठवड्यात. तेव्हा विचारलं होतंत."

"वस्तादला कळता कामा नये."

"वस्तादांनीच तर सांगितलं होतं. बाहेरचं खुळखुळतंय म्हणून."

 मग त्यांच्यातला फिटर जागा झाला. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली, पक्कड काढली. "एक रबराचा तुकडा मध्ये घातला की झालं. दोन मिनिटांचं काम."

"पक्कड आत ठेवा," बाई म्हणाल्या.

"अगं, पण आवाज..."

"तुम्हाला येतोय का ऐकू?"

"नाही."

"मग त्रास मला आहे ना? त्याचं औषध माझ्यापाशी आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं, कानात यंत्र घालायचं. ते घातल्यावर हा आवाज पुन्हा येईल तुम्हाला. आला की मला हाक मारायची."

कानसेनांनी पक्कड पिशवीत टाकली. स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्यांनी बायकोच्या हातात दिला. का दिला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी तो पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी ठेवला.

ऊन कलल्यावर ते परत निघाले. कानसेनांनी पहिला गिअर टाकला. बाईंनी पाय लगेच फुटरेस्टवर ठेवले नाहीत. नवऱ्याने एकतीस वर्षं ऐकलेला तो आवाज त्यांनी वळणापर्यंत ऐकून घेतला. मग मागे हॉर्न वाजला. बाईंनी पाय ठेवले आणि उजव्या खांद्यावर थाप मारली.