काचेच्या कांडीला कुंकू

आता म्हणे मोठ्या चुंबकात जिवंत बुरशी ठेवली, की तिच्या पेशीतला पीएच, म्हणजे आतला आंबटपणा, तिला न दुखवता बाहेरून कळतो. कळू दे बापडा! बंगळुरातल्या चामराजपेटच्या विठोजीच्या काळात त्यासाठी जिवाचं रान करावं लागे.

साठ-एकसष्टची गोष्ट. विठोजी एका संशोधन संस्थेत हंगामी मदतनीस होता. बेळगावहून आलेले बिंदुमाधव त्याचे साहेब. वयानं लहान, म्हणून त्याला अण्णा म्हणत. बुरशी दळली की मेली, मग कुठलं आत नि कुठलं बाहेर? म्हणून साहेब तिला सौम्य आम्ल पाजत. तिनं किती आत घेतलं आणि बाहेरच्या पाण्याचा पीएच किती, यावरून आतला काढत. बाहेरचा मोजायची विलायती काचेची कांडी एकच होती, नि ती सदा पाण्यात बुडवून ठेवावी लागे. दसऱ्यानंतर आकडे विलायतेला गेले, की साहेबांना तिकडं जागा मिळणार होती. विठोजीलाही दिवाळीत कायम करणार होते. काय दिवस होते ते! बाटल्या हलवताना साहेब गुणगुणायचे, आणि विठोजी त्या पांढऱ्या कापसासारख्या बुरशीकडं लेकराकडं बघावं तसा बघत बसायचा.

आयुधपूजा आली. बंगळुरात त्या दिवशी बसपासून सुईपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. मग जिच्यावर साहेबांचं नशीब, तिला का नको? विठोजीनं कांडी पाण्यातून काढली, धुतल्या पंच्यानं कोरडी ठणठणीत पुसली, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळेत ठेवली नि सुट्टीला घरी गेला. सुट्टी संपेतो कांडीनं मान टाकली होती. साहेबांनी ती पाण्यात भिजवली, आम्लात भिजवली. मीटरचा काटा काही थांबेना. नव्या कांडीच्या परवान्याला वर्ष लागणार, नि तोवर विलायतेतली जागा राहते होय!

भांडारप्रमुख भीमाचार्य चौकशीला आले. पूजा कुणी केली ते सांगा, त्याला आजच घरी पाठवतो म्हणाले. विठोजीच्या घरी बायको कौशल्या आणि शाळेतल्या पोरी. तो पुढं होणार, तोच साहेब उठले.

"पूजा मी करायला सांगितली होती. माझं नाव लिहा."

विठोजी दिवाळीत कायम झाला. साहेब बंगळुरातच राहिले, मान खाली घालून बुरशीत बुडाले. पुढं दोघांचं सगळं पुन्हा सुरळीत झालं, पण विठोजीच्या मनातून ते जाईना. अडुसष्टला निवृत्तीच्या दिवशी तो ढसाढसा रडला, माझ्यापायी तुमची विलायत हुकली म्हणाला.

"हुकली खरी," साहेब म्हणाले. "पहिलं वर्षभर तुमच्यावर इतका राग होता अण्णा, की तुमचं तोंड दिसू नये म्हणून मी मान वर करत नव्हतो. मग थोरली मॅट्रिक झाल्याचे पेढे घेऊन आलात."

विठोजीला तो दिवस आठवला. साहेबांनी दुसरा पेढा मागून घेतला होता.