वाफेआधीचा रंग

घरात तिला सगळे छापखाना म्हणत. चार वर्षांची असताना तिने अर्धा बटाटा शाईत बुडवून भिंतीवर, दारावर आणि दुपारची झोप काढणाऱ्या मामाच्या पांढऱ्या शर्टावर ओळीने ठसे उमटवले होते, तेव्हापासून. आपण मुळीच रागावलो नव्हतो, असं मामा आजही सांगतो. पण तो शर्ट त्याने पुन्हा कधी अंगाला लावला नाही, हेही तितकंच खरं. पुढे छापखाना मोठी झाली, कापडावरच्या नक्षीकामाचं शिक्षण घ्यायला कॉलेजात गेली, आणि जिच्यापायी लहानपणी मार खाल्ला त्याच खोडीला तिथे मार्क मिळायला लागले. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

तिची आई कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. रस्त्याला लागून एक खोली, पुढे काउंटर, मागे दोन शिलाई मशिनं. एकावर आई बसायची. दुसरं दोन वर्षं कापडाखाली झाकून पडलेलं होतं, कारण त्यावर बसणारी बाई सोडून गेली आणि आईने तिच्या जागी कुणाला घेतलंच नाही. विचारलं तर म्हणायची, "बघू." पण आईची पाठ आता संध्याकाळपर्यंत थांबत नव्हती, दुपारीच कुरकुरायला लागायची. शेवटचं वर्ष सुरू झालं त्या दिवशी तिने लेकीला समोर बसवलं.

"हे बघ, पास झालीस तर तुझी वाट तुला मोकळी. पण नापास झालीस तर आणखी एक वर्ष मला एकटीला ओढायला जमायचं नाही. मग तू इथे माझ्या शेजारी बसायचं. आधीच सांगते, नंतर कुरबूर नको."

"नाही करणार," छापखाना म्हणाली. आणि मनात म्हणाली, मी नापासच होणार नाही. ती तशी हट्टी होतीच, आणि तो हट्ट तिने कुणाकडून उचलला होता हे सांगायला नको.

शेवटच्या परीक्षेला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे पाच डिजिटल प्रिंट, प्रत्येकी एक मीटर. दुसरी, ट्रेंड बुक. ट्रेंड बुक म्हणजे येत्या दोन वर्षांत लोकांना कुठले रंग आवडतील, कुठली नक्षी चालेल, याचा अंदाज सांगणारं जाडजूड पुस्तक. एका परीने भविष्यच, फक्त ग्रहांच्या जागी चिंध्या. वर्गातल्या बहुतेकांनी ते भविष्य इंटरनेटवरून जसंच्या तसं उचललं. त्यामुळे येत्या हंगामात समुद्राची निळाई चालणार, यावर अकरा जणांचं एकमत झालं. त्या अकरांपैकी समुद्र पाहिलेले तीनच होते.

छापखाना मात्र सहा महिने वही घेऊन आईच्या काउंटरमागे बसली. लोक टाकून काय देतात ते दुकानात कळत नाही, पण लोक काय टाकायला तयार नसतात, ते तिथे लख्ख कळतं. कोपर विरलेला शर्ट घेऊन माणूस तिसऱ्यांदा येतो. "काहीही करा, पण हाच वाचवा," म्हणतो. ती लिहून घ्यायची, कपडा कुठला, रंग कुठला, का वाचवायचा. महिन्यामागून महिने वहीत एकच गोष्ट येत राहिली. भडक कपडे दुरुस्तीला येतच नव्हते. येत होते ते धुऊन धुऊन मऊ पडलेले, रंग उतरून शांत झालेले. आणि पँटची दुमड उसवली की आत एक पट्टी दिसायची, जिला कधी ऊन लागलं नव्हतं. मूळचा गडद रंग तिथे जसाच्या तसा. बाहेरचा आणि आतला रंग शेजारीशेजारी पाहिला की बाहेरचाच आवडायचा. यातूनच तिचं पुस्तक उभं राहिलं. लोकांना आता नवे दिसणारे रंग नकोत, वापरलेले दिसणारे हवेत, असं तिचं म्हणणं. नक्ष्याही दुकानातल्याच होत्या. उसवलेल्या टाक्यांच्या भोकांची रांग, खडूच्या खुणा, रफूची जाळी.

प्रिंटसाठी तिने सुती कापड आणि धाग्यात मुरणारे रंग निवडले. बाकीच्यांनी कापडावर वरवर बसणारी शाई घेतली होती. ती मशीनमधून निघते तशीच शेवटपर्यंत राहते. मुरणाऱ्या रंगाचं तसं नसतं. तो छापल्यावर मळकट, आजारी दिसतो. त्याला तासभर वाफ द्यायची, मग धुवायचं, तेव्हा कुठे खरा रंग वर येतो. हे वर्गात शिकवलं होतं. छापखान्याने ते वहीत उतरवून खाली रेघ मारली होती आणि चाचणी परीक्षेत त्याचे पुरे मार्कही मिळवले होते. पण वाफेआधीचं कापड तिने डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिचे छोटे नमुने कॉलेजच्या छपाई विभागातले मास्तर वाफवून, धुऊन, इस्त्री करून तिच्या हातात देत आले होते.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना मंगळवारी दुपारी तिचा नंबर लागला. पहिल्या प्रिंटची वीतभर पट्टी मशीनमधून बाहेर आली आणि तिने मशीन थांबवलं. तिची फिकी निळी राखेसारखी झालेली. तिची विटकरी म्हणजे नुसता चिखल. शेजारच्या टेबलावर मैत्रिणीचा समुद्र नुकताच छापून निघाला होता, आणि तो असा चमकत होता की बघणाऱ्याला पोहावंसं वाटावं. मास्तर जेवायला गेले होते. छापखान्याने कुणाला विचारलं नाही, वहीतली रेघ आठवली नाही. ती कॉम्प्युटरवर बसली, पाचही फायलींमधले रंग तिप्पट वाढवले, त्याच फायलींवर सेव्ह केलं आणि पाच मीटर छापून मोकळी झाली. शिकलेली माणसं चुका करतात तेव्हा पद्धतशीर करतात.

कॉलेजातलं वाफेचं यंत्र फक्त शुक्रवारी लागायचं. शुक्रवारी कापड वाफवून, धुऊन निघालं आणि मास्तरांनी ते दोरीवर टाकलं. छापखाना बघतच राहिली. निळा डोळ्यांत खुपत होता. विटकरीचा लालभडक झाला होता. सर्कशीच्या तंबूलाही शोभलं नसतं असं ते पाच मीटर वाऱ्यावर हलत होतं.

"रंग कुणी वाढवले?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"वाफेआधी बघून?"

"हो."

"वर्गात शिकवलं होतं ना?"

"होतं, मास्तर. समोर कापड बघितलं आणि सगळं विसरले."

मास्तर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते "हं" म्हणाले आणि दुसऱ्याचं कापड पिळायला लागले.

मैत्रीण मात्र हुशार. तिने तंबूकडे पाहिलं, ट्रेंड बुक चाळलं आणि चुटकी वाजवली. "अगं, रडायचं काय त्यात? हा तुझा दुमडीच्या आतला रंग! आतली पट्टी गडदच असते, असं तूच लिहिलंयस ना? चार पानं बदल, रंगाचा तक्ता नवा लाव. लोकांना पुन्हा ताजा, गडद रंग हवाय म्हणावं. कुणाच्या बापाला कळणार नाही."

खोटं कशाला बोला, छापखान्याला मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. युक्ती इतकी चपखल बसत होती की तिने बसथांब्यावरच नवीन मजकूर मनात जुळवायला घेतला. दोन वाक्यं जुळलीही. तिसऱ्या वाक्याला तिला ती माणसं आठवली. "हाच वाचवा" म्हणणारा तो कोपर विरलेल्या शर्टाचा माणूस, धुऊन पांढुरकी झालेली ओढणी छातीशी धरून आलेली शिक्षिका. सहा महिने त्यांनी तिला जे सांगितलं, त्याच्या नेमकं उलट ती छापणार होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की ती बसमध्ये चढलीच नाही. उलट पावली कॉलेजात गेली.

मास्तर कुलूप लावत होते.

"मास्तर, मला पुन्हा छापायचंय."

"बुधवारपर्यंत मशीन भरलंय."

"मशीन सकाळी किती वाजता सुरू करता?"

"सातला. पण तेव्हा नळ्या साफ करायच्या असतात, चाचणी पट्ट्या काढायच्या असतात. मुलं येतात नऊला."

"मग सात ते नऊ मशीन काय करतं?"

मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "गरम होतं," ते म्हणाले. "आणि कापड? रंग मुरावा म्हणून आधी खळ लावून तयार केलेलं सुती कापड संपलंय. ताग्याची शेपटं पडलीत, जेमतेम तीन मीटर भरतील."

"तीन तर तीन."

"आणि वाफ? यंत्र पुढच्या शुक्रवारी लागणार. तुझी परीक्षा गुरुवारी."

"वाफेचं मी बघते," ती म्हणाली. कसं बघणार, हे तिला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं.

शनिवार-रविवार तिने मूळ रंग पुन्हा उभे केले. फायली बिघडवल्या होत्या, पण ट्रेंड बुकात प्रत्येक रंगाच्या तुकड्याखाली त्याचे आकडे तिने हाताने लिहून ठेवले होते. ते एकेक करून भरले. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी सातला ती छपाईच्या खोलीच्या दारात हजर. कापड पुन्हा तसंच मळकट, आजारी निघालं. हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे बांधून घेतले, अगदी खरोखर, आणि मास्तर गालातल्या गालात हसले.

वाफेसाठी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं निघालं. तळाला पाणी, त्यावर जाळी, वर रद्दी कागदात सैल गुंडाळलेलं कापड, आणि झाकणाखाली जुना टॉवेल, म्हणजे थेंब कापडावर पडायला नको. स्वयंपाकघरातली शेगडी तीन दिवस कापडाला दिली गेली. मायलेकी दोन्ही वेळा पाव खाऊन राहिल्या. आई दुकानातून मधेच यायची, झाकणाकडे बघायची.

"पाणी फार उसळतंय. आच कमी कर."

"तासभर कडक वाफ लागते, आई."

"कडक म्हणजे उकळी नव्हे. तीस वर्षं इस्त्री फिरवलीय मी."

पहिल्या मीटरवर एक थेंब पडलाच. निळ्याच्या मधोमध वाटीएवढा डाग. आईने तो पाहिला, आणि दुकान अर्धं बंद करून ती पातेल्यासमोर स्टूल टाकून बसली. पुढचे दोन मीटर तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळले. धुतल्यावर निळा हळूच वर आला, फिका, शांत, बरोबर पुस्तकातल्यासारखा. विटकरीही तशीच. छापखान्याने ओलं कापड गालाला लावलं आणि तिला मनापासून आनंद झाला, परीक्षा आहे हेसुद्धा क्षणभर विसरली.

गुरुवारी तिने भिंतीवर सात कापडं लावली. दोन बरोबर, पाच तंबू. तंबूंखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: "चूक. वाफेआधी बघून रंग वाढवले." ट्रेंड बुकात एक पान वाढवलं. त्यावर दोन पट्ट्या शेजारीशेजारी, एकाच छपाईच्या. एक वाफेआधीची, एक नंतरची.

तिच्या मॅडम ते बघून अस्वस्थ झाल्या. "अगं, नियमाने पाच हवेत. तुझे दोनच आहेत," त्या कुजबुजल्या. "वर 'चूक' अशी पाटी कशाला लावलीस?"

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मोठ्या गिरणीत छपाई बघत. चष्मा कपाळावर, बोटांना कायमचे डाग. त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, मधली पानं न गाळता. मग भिंतीकडे वळल्या.

"ही पाच म्हणजे दुमडीच्या आतला रंग, असं सांगितलं असतंस तर मी मान डोलावली असती."

"मैत्रिणीने सुचवलं होतं."

"मग?"

"मग पुस्तकातलं बाकीचंही कशावरून खरं, असं मलाच वाटलं असतं."

दोन पट्ट्यांचं पान बाईंनी उजेडात धरलं. "आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी नवा माणूस हेच करतो. फरक इतकाच, तो पाच मीटर नाही, पाचशे मीटर घालवतो. हे पान मला दे. विभागात लावते."

मॅडमनी घाईने मान हलवून तिला खूण केली, दे म्हणून.

"पान नाही देता यायचं," छापखाना म्हणाली. "पुस्तकाची शिवण उसवेल. सोमवारी दुसरं करून देते. चार रंगांचं करते, जास्त उपयोगी पडेल."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाई मात्र मोठ्याने हसल्या आणि गुणांच्या कागदावर खाली वाकल्या. तीन प्रिंट कमी पडल्याचे मार्क त्यांनी काटेकोरपणे कापले. उरले तेवढ्यांत ती पास होत होती, वर थोडे शिल्लक राहून. कागदाच्या तळाशी त्यांनी गिरणीचा पत्ता लिहिला आणि सोमवारचं पान घेऊन स्वतःच यायला सांगितलं.

जिन्यात येऊन तिने आईला फोन लावला.

"पास."

पलीकडे मशीन खडखडत होतं, ते थांबलं.

"बरं," आई म्हणाली. "मग आजच दारावर पाटी लावते. दुसऱ्या मशीनवर बाई पाहिजे म्हणून."

सहा दिवसांत छापखान्याने डोळ्यांतून एक टिपूस काढलं नव्हतं. आता ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि येणारेजाणारे बघत असताना हुंदके देऊन रडली.

"रडतेस काय?" आई म्हणाली, आणि तिचाही आवाज काही धड नव्हता. "लवकर ये घरी. पाटी तूच लिही. माझं अक्षर कुणाला लागत नाही."