बाबांच्या कानांसाठी कोल्हापूर

"माझे कान गेले," असं बाबांनी दिवाळीनंतर जाहीर केलं आणि गुरुवारच्या भजनाला जाणं बंद केलं. कित्येक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस! मंडळाची जुनी रेकॉर्डिंग ऐकताना शब्द लागेनात, मग साथ काय करणार, हे त्यांचं म्हणणं. वयाच्या मानाने ऐकू चांगलं येतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या मते डॉक्टर गोड बोलतो. माझा संशय टीव्हीच्या किरट्या आवाजावर होता, कारण रेकॉर्डिंग त्यावरच लागायची. शाहूपुरीत एक बशीरभाई स्वतः स्पीकर बांधून देतात, असं मैत्रिणीकडून कळलं आणि मी बाबांना जवळपास ओढतच घेऊन निघाले.

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. बाबांचं अर्धं तिकीट ज्येष्ठ म्हणून, माझं अर्धं बाई म्हणून. म्हणजे दोघं मिळून एका माणसाच्या भाड्यात कोल्हापूर! हायवेचं काम चालू आहे, तेव्हा पाठीचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली. बाबांनी कट दोनदा मागून घेतला.

तुलना तरी करू म्हणून रिक्षाने आधी राजारामपुरीतल्या एका गारेगार शोरूममध्ये गेलो. तिथल्या नामांकित स्पीकरची किंमत आमच्या फ्रिजपेक्षा जास्त होती. मी फोनमधलं मंडळाचं भजन लावायला सांगितलं.

"मॅडम, असल्या रेकॉर्डिंगवर स्पीकरची मजा कळत न्हाय," विक्रेता म्हणाला आणि त्याने त्याचं ठरलेलं इंग्रजी गाणं लावलं.

"अहो, पण आम्ही घरी हेच ऐकणार!" मी म्हणाले. माझं डोकं तिथेच फिरलं.

शाहूपुरीतलं दुकान म्हणजे लाकडाचा भुसा आणि वायरींचा पसारा. "या पावणं, बसा," म्हणत बशीरभाईंनी विनातक्रार माझा फोन जोडला, एक बटण पूर्ण फिरवलं आणि भजनातला मृदंग असा दणाणला की बाबांचं स्टूल हादरलं. शब्द तर पार गाडलेच गेले. बाबा उठले. "चल. कानच नाहीत, उगाच खर्चात पडू नकोस." मला रडू यायचंच बाकी होतं.

"ओ काका, थांबा की! आमच्याकडं मिरवणुकीसारखं छातीत वाजल्याबिगर गिऱ्हाईकाला पटत न्हाय. हात आपसूक तिकडंच जातोय बघा."

त्यांनी दणका उतरवला, भिंतीला टेकलेली स्पीकरची खोकी पुढे ओढली, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवली आणि आवाजही कमी केला. बाबा दारातच उभे होते. कडवं संपलं तसे ते परत येऊन बसले.

"पेटी फार घाई करतेय," ते म्हणाले.

"कोणाची पेटी?" बशीरभाईंनी विचारलं.

"माझीच!"

"मग ऐकू येतंय की वो काका!"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला तर बशीरभाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

ॲम्प्लिफायर धरूनही सगळं शोरूमच्या पाव किमतीत बसलं. चकचकीत वॉरंटी कार्ड नाही, "बिघडलं तर घिऊन या" एवढाच शब्द. तुम्ही जाणार असाल तर रोज ऐकता तेच सोबत न्या आणि घरी ठेवता तेवढ्याच आवाजात वाजवायला सांगा. परतीला एसटीत खोकी पायाशी ठेवली. पाय आखडले, पण तक्रार नाही.

खरं सांगायचं तर ती खोकी आमच्या हॉलला अजिबात शोभत नाहीत आणि पाहुणे हमखास ब्रँड विचारतात. बाबा मात्र रोज सकाळी समोर बसून स्वतःच्याच चुका काढत होते.

काल ऑफिसातून आले तर घर एकदम शांत. स्पीकर बंद, बाबांची खुर्ची रिकामी. "बाबा कुठे आहेत?" मी आईला विचारलं.

"आज गुरुवार ना," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "पेटी घेऊन गेलेत. जेवायला थांबू नका म्हणालेत."