तेल न चढलेलं इंजिन

तुळशीराम मूळचा विचुंब्याचा. घराणं मिठागरावर राबणारं. त्याच्या बापाच्या तळपायांच्या भेगा मरेपर्यंत भरल्या नाहीत. तुळशीरामला ते काम नकोच होतं. लढाईच्या काळात तो देवळालीला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात लागला, तिथे इंजिन शिकला, आणि लढाई संपल्यावर पनवेलजवळ पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथे, पत्र्याची शेड टाकून बसला. माणूस तुसडा. कुणी घाई केली की म्हणायचा, "उचल तुजी गाडी आनि जा." तरी लोक या मिस्त्रीकडेच यायचे, कारण काम चोख होतं.

शिवा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. कुणा ठेकेदाराच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. बोलायला गोड, गावोगाव ओळखी. दोघांनी मिळून एका वखारवाल्याच्या गोठ्यात कुजत पडलेली जुनी विलायती मोटर घेतली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ती उभी करायची आणि पनवेल ते पेण टॅक्सी चालवायची, असा बेत.

"डोकं तुजं आनि जीभ माजी," शिवा म्हणायचा. "कोन आडवतो बग आपल्याला."

इंजिनाला वर्ष गेलं. तुळशीरामने सगळं खोललं. शाफ्ट मुंबईहून घासून आणला, बेरिंगांत नवा मऊ धातू ओतून घेतला. त्याची बायको जनी घासलेटच्या घमेल्यात एकेक सुटा भाग धुवायची. तिच्या भाकरीलाही घासलेटचा वास येतो म्हणून सासू कुरकुरायची, पण जनीने काम सोडलं नाही. टॅक्सी चालू झाली की शेडमागे पक्की खोली बांधायची, असं तुळशीराम तिला म्हणाला होता.

इंजिन चालू करायच्या दिवशी शिवाने नारळ फोडला. तुळशीरामने हँडल मारलं. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं आणि गोड आवाजात फिरू लागलं. शिवा ओरडला, जनीने हात जोडले. तुळशीरामची नजर मात्र तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर होती. काटा शून्यावर. त्याने जरा वाट पाहिली आणि इंजिन बंद केलं.

"काय रं?" शिवा म्हणाला.

"तेल चढत नाय."

"चडंल की. नवं हाय, वेळ लागंल."

"तवर बेरिंगं वितळतील."

त्याने प्लग काढले, काट्याकडे जाणारी नळी सैल केली आणि हँडलने इंजिन नुसतं फिरवत राहिला. खांदे भरून आले. नळीच्या तोंडाशी तेलाचा थेंब आला नाही. म्हणजे खालचा पंपच तेल ओढत नव्हता. तळाची तेलाची टाकी परत उतरवायला हवी होती, आणि ती उतरवली की तिच्या कडेला बसवलेलं बुचाच्या सालीचं पॅकिंग फाटणार. नवं मुंबईलाच मिळायचं.

"मी पॅकिंग घेऊन येतो," तो म्हणाला. "तवर गाडीला हात लावू नको."

"आरं, पन मी दाजी पाटलांना शबूद दिलाय. परवा त्यांच्या पोराची वरात हाय."

"मना इचारून दिला होतास?"

शिवा फोडलेल्या नारळाची शकलं गोळा करू लागला. तो थांबायला कबूल आहे, असं तुळशीरामने धरलं. तो एस.टी.ने मुंबईला गेला. नेहमीच्या दुकानात ते पॅकिंग नव्हतं, म्हणून त्याला दोन रात्री तिथेच राहावं लागलं.

तो परतला तेव्हा शेड रिकामी होती. जनी दारात रडत बसली होती. शिवाने प्लग बसवले, गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या आणि नवरदेवाला घेऊन गेला. जनी आडवी आली, तर तिला म्हणाला, "मिस्त्रीचा निरोप हाय, गाडी फिरव म्हनून."

कर्नाळ्याच्या खिंडीत चढणीवर इंजिन ठोकायला लागलं आणि मग जागच्या जागी जाम झालं. नवरदेव मुंडावळ्यांसकट मिठाच्या लॉरीत बसून मांडवात पोचला. मुहूर्त टळला होता. दाजी पाटील मांडवातच कडाडले. त्यांच्यासमोर शिवाने हात वर केले. "माजा काय दोष? मिस्त्री बोलला तयार हाय."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पनवेलच्या बाजारात पोचली. तुळशीरामने शिवाला एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं. आजूबाजूला ओळखीचे ड्रायव्हर होते.

"मी तुला गाडी फिरव बोललो होतो?"

शिवाने कप खाली ठेवला. "मी एकच इचारतो. तू इंजिन चालू केलंस तवा काटा उठला होता का?"

"नव्हता."

"मग झालं तर. खोट तुज्या कामातच होती."

कुणीतरी हसलं. तुळशीरामला पुढे बोलायचं होतं, पण तोवर सगळे आपापल्या चहाकडे वळले होते.

बैल जोडून मोटर शेडपर्यंत ओढत आणली. तुळशीरामने टाकी उतरवली. बेरिंगांचा धातू वितळून तळाशी त्याचे गोळे झाले होते, घासून आणलेला शाफ्ट चरांनी भरला होता. मग त्याने पंप खोलला आणि झाकण उलटं करून उजेडात धरलं. पंपाच्या झाकणाखालचं पॅकिंग त्याने स्वतः कापलं होतं. पातळ कागदाचं हवं तिथे जाड पुठ्ठ्याचं घातलं होतं. त्या जाडीने आत फट राहिली होती, आणि कोरड्या पंपाला तेल ओढता येत नव्हतं. टाकी उतरवली असती तर चूक तिथल्या तिथे सुधारली असती.

त्याने ते जनीला दाखवलं.

"मग जाऊन सांगा ना लोकांना," ती म्हणाली, "शिवा थांबला असता तर कायबी झालं नसतं."

"आनि पुठ्ठा कोनी घातला इचारलं तर?"

"सांगायचं, मी घातला. चुकलं."

"तेवडंच ऐकतील ते. पुडचं कोन ऐकतो?"

तो कुणाकडेच गेला नाही. हळूहळू शेडकडे गाड्या यायच्या थांबल्या. मोटर भंगारात गेली, पत्रे उतरले, आणि तुळशीराम पनवेलच्या एका भातगिरणीत तेलाच्या इंजिनावर नोकरीला लागला. पक्क्या खोलीचा विषय जनीने पुन्हा काढला नाही. शिवाची भरभराट झाली. पुढे त्याने स्वतःची टॅक्सी घेतली, मग दुसरी. रस्त्यात भेटला की तो हात वर करायचा. तुळशीराम रस्ता ओलांडायचा.

बऱ्याच वर्षांनी शिवाच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. अक्षता घेऊन शिवाची बायको गंगाबाई स्वतः आली होती. ती गेल्यावर जनी म्हणाली, "किती दिस धरून बसनार?"

"त्यानं येकदा बोलावं, मी खोटं बोललो म्हनून. मी पंगतीला जाऊन बसंन."

जनी एकटीच गेली. संध्याकाळी परतली तेव्हा तुळशीराम अंगणात विडी ओढत बसला होता.

"शिवा काय बोलला?" त्याने विचारलं.

तिने आधी टाळलं. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "समद्या पावन्यांच्या देखत बोलला, मिस्त्रीला म्हनावं राग सोड. झालं गेलं मी कवाच पोटात घातलंय. मानूस हाय, चूक होते."

तुळशीरामने विडी विझवली. "त्याला खरंच वाटतं का गं आता, चूक माजीच म्हनून?"

"हां," जनी म्हणाली. "डोळ्यांत पानी होतं त्याच्या."

तो उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि गिरणीच्या वाटेला लागला. गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती. जनीला ते ठाऊक होतं, पण तिने हाक मारली नाही.