‘एक कमी’ कोण म्हणालं?

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी चाललेच नाहीत. दवाखान्यात कुणी ‘इथं काहीतरी आहे’ म्हणालं, की मीच त्याला झापायचे. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण घडलं ते घडलं.

मी वसमतमधल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. ऑपरेशनची नोंद आधीच लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. पेशंट टेबलवर यायच्या आत फाइलीत ‘मॉप बराबर’ – म्हणजे रक्त टिपायची सगळी फडकी बाहेर आली – असं लिहून मोकळं. तेवढाच वेळ वाचतो.

त्या दुपारी शिरड शहापूरची सुनीता सिझेरियनला होती. मुलगी झाली, खणखणीत रडली. भूल फक्त कमरेखाली, त्यामुळे सुनीता जागी होती. टाके घालण्याआधी ऑपरेशन करणाऱ्या सरांनी सवयीनं विचारलं, "मॉप?" मी सवयीनं "बराबर" म्हणणार, तोच एका बाईचा आवाज आला – "न्हाई. एक कमी हाय."

सरांचा हात थांबला. "मोजा," म्हणाले. मोजलं... खरंच एक कमी. सरांनी पुन्हा आत शोधलं आणि आतड्यामागून मॉप निघाला. तो आत राहिला असता तर त्या बाईच्या जिवावर बेतलं असतं.

"शाब्बास, सिस्टर," सर म्हणाले. मी म्हटलं, मी नाही, थिएटरमधल्या आया मावशी बोलल्या. मावशी उखडल्या, "मी काहून बोलू? मी तर लेकरू पुसून राहिले." सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सुनीता बोलली म्हणावं, तर मध्ये पडदा, तिला काय दिसणार?

त्या दिवसापासून आधी नोंद लिहिणं बंद. मी आणि मावशी, दोघींनी मोठ्यानं मोजायचं, मगच लिहायचं, खाली सही. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कुणी विसरलं तर मावशीच टोकतात.

टाके काढायला आली तेव्हा सुनीतानं घरची हळद आणली. "सिस्टर, ही त्या बाईला द्या."

"कोणत्या?"

"अवो, माझ्या उशाशी उभ्या होत्या न्हाई का, केसावरून हात फिरवत. तुमाला एक कमी म्हणल्या. मॉप निघाल्यावर मला म्हणल्या, भिऊ नको, आता बराबर हाय."

उशाशी फक्त भूल देणारे डॉक्टर होते. पुरुष माणूस.

मी डॉक्टरांना विचारलं, मावशींना विचारलं, स्वतःला तर रोजच विचारते. सुनीताला मात्र उत्तर नकोच होतं. लेकीला मांडीवर घेऊन ती दाराकडे बघत बसली होती – तिला फक्त त्या बाईला एकदा भेटायचं होतं. खरं सांगू? मलाही.